नव्या पिशवीला पाजलेली काकवी

ऑगस्ट लागला की आमच्या घरात दोन ठिकाणच्या पावसाची चौकशी होते. एक आमच्या पालीतला, राजगडाच्या पायथ्याचा, आणि दुसरा स्कॉटलंडातल्या ग्लासगोचा. आमचा पाऊस मला ओट्यावर उभं राहिलं की कळतो. तिथला नात मोबाईलवर सांगते. "आजी, मैदानात घोट्याइतका चिखल झालाय," म्हणते. मी म्हणते, "मग भात लावून घ्या की!"

पालीतल्या म्हातारीला ग्लासगोचा चिखल कशाला हवा, असं कुणी विचारलं तर त्याचं उत्तर आमच्या माजघरातल्या खुंटीला टांगलेलं आहे. आमचे हे पलटणीत बॅगपाईप वाजवायचे. सगळी नोकरी पायपर म्हणून काढली आणि पेन्शनीत आले तेव्हा स्वतःच्या पैशानं घेतलेला एक जुना बाजा बरोबर घेऊन आले. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांना सांगते. काखेत चामड्याची पिशवी असते. एक नळी तोंडात धरायची, तिच्यातून पिशवीत वारा भरायचा. खाली बोटांची नळी, तिच्यावर गाणं वाजतं. आणि खांद्यावर तीन नळ्या उभ्या असतात, त्या एकच सूर धरून बसतात, सनईवाल्याच्या मागं सूर धरणारा बसतो ना, तशा. तोंडानं भरायचं, कोपरानं दाबायचं आणि बोटांनी वाजवायचं. एकाच माणसानं तीन माणसांची कामं करायची. घरी मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा गोठ्यातली म्हैस दावं तोडून पळाली होती, आणि मी तिच्या मागं गेले ते बरंच झालं, कारण मलाही पळायचंच होतं.

पण त्या बाज्याची पिशवी मात्र पहिल्यापासून माझ्याकडं. चामडं सुकलं की शिवणीतून वारा निसटतो. म्हणून तिला महिन्या दोन महिन्यांनी आतून खाऊ घालावं लागतं. यांच्या उस्तादांनी ग्लिसरीन आणि मध सांगितला होता. मध परवडेना, म्हणून मी काकवी घालायला लागले. माझी बहीण कामथडीला दिली आहे, तिच्या शेजारच्या गुऱ्हाळातून दर साली एक किटली येते. काकवी कोमट करायची, मेडिकलातलं ग्लिसरीन घालायचं, पिशवीत ओतायचं, तोंडं बांधायची आणि परातीत कणीक मळतो तशी अर्धा तास मळायची. मग उलटी टांगून निथळत ठेवायची. मुंग्या लागू नयेत म्हणून खालच्या चौरंगाच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या. हे माझं एवढ्या वर्षांचं शास्त्र. यांनी पहिल्यांदा नाक मुरडलं, पण शिवण जेव्हा टिचभरही फुसफुसली नाही तेव्हा म्हणाले, "उस्तादांना सांगायला पायजे व्हतं."

आता स्कॉटलंड कसं आलं ते. नात नर्सिंग शिकली आणि ग्लासगोच्या एका दवाखान्यात नोकरीला लागली. एका संध्याकाळी तिकडं बसची वाट बघताना शाळेच्या मैदानातून आवाज आला, आणि आमची पोर आबांचा बाजा समजून आत शिरली. आत पंधरावीस माणसं गोल करून वाजवत होती. तिनं तिथूनच फोन लावला. यांनी मोबाईल कानाला लावला आणि नंतर कान बदलला. म्हणाले, "त्यातल्या एकाचा सूर चढलाय, सांग त्यांना." आता तिला तिथं कोण विचारतंय! पण तिनं खरंच सांगितलं, आणि तो खरंच चढलेला निघाला.

तेव्हापासून तो बँड आमचा. ग्लासगोला लागूनच्या, बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीच्या एका लहान गावचा आहे. त्यांचा म्होरक्या सूर लावताना डावा कान खाजवतो, यांचे उस्ताद खाजवायचे तसा. दर ऑगस्टला ग्लासगोत जगभरचे पाईप बँड येतात आणि मोठी स्पर्धा होते. पायऱ्या असतात, वरची, मधली, खालची. चांगलं वाजवलं की वरच्या पायरीवर घेतात, घसरलं की खाली उतरवतात. परीक्षक वही घेऊन बँडाभोवती फिरतात. सुरुवात सगळ्यांची एकाच क्षणाला व्हावी लागते. एकाची नळी आधी कोकलली की संपलं. यांना ते ऐकवत नाही, हे मान खाली घालतात, जसं काही घरातलंच कुणी चुकलं.

आणि बातम्या! क्रिकेटवाले काय बोलतील इतकं आम्ही बोलतो. कुठल्या बँडाचा म्होरक्या कुठं गेला, कुणी नवी गत बसवली, कुठल्या बँडाची पुढारी यंदा बाई झाली. गेल्या साली आमच्या बँडाचे सगळे ढोलवाले एकदम उठून दुसऱ्या बँडात गेले. नात रडवेल्या आवाजात सांगत होती. हे म्हणाले, "त्यात काय? आपल्याकडं निवडणुकीच्या आधी बघ की, अख्खी फळी जाती." मी म्हटलं, "तिथं निदान ढोल तरी वाजवतात." शेजारच्या माझ्या मोठ्या जाऊबाई येऊन बसतात त्यांना वाजवण्याचं काही नसतं. त्या फक्त बघतात की इतक्या गारठ्यात पुरुष गुडघे उघडे टाकून घागरा घालून का हिंडतात. "पायात मोजे एवढे लांब घालतात, मग वर काय झालं?" असं त्यांचं दर वर्षीचं म्हणणं.

गेल्या दिवाळीनंतर यांना न्यूमोनिया झाला. भोरच्या दवाखान्यात बारा दिवस होते. बरे झाले, शेताच्या बांधापर्यंत जायला लागले, पण डॉक्टरांनी ठणकावून सांगितलं, की छातीवर जोर यंदा नाही. बाजा फुंकायचा नाही. हे "बरं" म्हणाले आणि घरी आल्यावर त्याच्याकडं पाठ करून बसायला लागले.

आमच्या शाळेचा झेंडा यांच्याशिवाय झालेला नाही. पेन्शनीत आल्यापासून दर पंधरा ऑगस्टला हे मारुतीच्या देवळापासून वाजवत निघतात, पोरं मागून चालतात, आणि शाळेच्या फाटकात गाणं संपतं. शाळेच्या बाई चांगल्या आहेत, त्यांनी प्रेमानंच सुचवलं, की बाजा शाळेत काचेच्या कपाटात ठेवू, मुलं बघतील, गडावर येणारे ट्रेकवालेही बघतील. हे म्हणाले, "या पंधरा ऑगस्टला वाजला तर वाजला. न्हाई वाजला तर न्या."

हा माणूस कपाटात ठेवलेली वस्तू परत बाहेर काढत नाही. वर्दीही अशीच एकदा ठेवली ती ठेवली. आणि त्या दिवसांत हे ओट्यावर बसून काठीवर बोटं चालवायचे, आपोआप, आख्खंच्या आख्खं गाणं. बाजा घरातून गेला की ही बोटं थांबणार, हे मला लख्ख दिसत होतं.

हे सगळं नातीला सांगितलं. ती म्हणाली, "आजी, इथं आता चामड्याच्या पिशव्या फार कमी राहिल्यात. नवी कापडाची निघाली आहे, तिला चेन असते, वारा धरून ठेवते आणि तोंडातली वाफ बाहेर सोडते. शिवाय हलकी रीड मिळते. इथं एक बाई दमा असून तसल्यावर वाजवते." रीड म्हणजे नळीच्या आतली बोरूची पातळ पत्ती, तीच खरी वाजते. पत्ती हलकी तर जोर कमी. भोरच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "हलकं असेल तर बसून, पाचच मिनिटं." झालं! पोरीनं पिशवी आणि दोन रीडा पार्सलनं धाडल्या.

पार्सल आलं त्या दिवशी हे तपासणीला भोरला गेले होते. मोबाईल यांच्या खिशात. मी पार्सल उघडलं. काय सुबक वस्तू, काळी, मऊ, बाळाच्या दुपट्यासारखी. हात लावला तर कोरडी ठक्क. मला वाईट वाटलं. एवढ्या लांबून आली, उपाशी. म्हटलं, हे येईपर्यंत तयार करून ठेवावी. काकवी कोमट केली, ग्लिसरीन घातलं. आणि चेन असल्यामुळं उलट सोपंच गेलं, नळीतून ओतायची कटकट नाही. अर्धा तांब्या घातली. मळली. कापड काही ओढून घेईना, तर मी आणखी मळली. मग टांगली, खाली परात, वाट्या, सगळं रीतसर.

दुपारच्या एसटीनं हे आले. ओट्यावर बसून म्हणाले, "पोरीचा निरोप आलाय, ऐकू." मोबाईलमधून तिचा आवाज आला. "आबा, पार्सल आज पोचेल. आजीला आधी सांगा, त्या पिशवीला काहीही लावायचं नाही. तेल नाही, ग्लिसरीन नाही. काकवी तर अजिबात नाही."

यांनी माझ्याकडं बघितलं. मी माजघराच्या दाराकडं बघितलं. आतून परातीत टप्प, टप्प चाललं होतं.

"किती पाजलीस?" यांनी विचारलं.

"अर्धा तांब्या."

"प्याली का?"

"न्हाई. तशीच साठलीया."

तीन पाण्यांनी धुतली मी ती. वाळली तर पापडासारखी कडक झाली, चेन दातखीळ बसल्यासारखी गच्च. नातीनं आमच्या बँडाच्या म्होरक्याला विचारलं. तो म्हणाला म्हणे, त्या कापडाला श्वास घ्यायला बारीक भोकं असतात, ती बुजली, आता काही होत नाही. आणि काकवी म्हणजे काय ते त्यानं दोनदा विचारून घेतलं. दुसरी पिशवी मागवली तर गणपतीच्या आत यायची नाही. झेंड्याला राहिले होते अकरा दिवस.

यांनी ती कडक पिशवी उचलून आत ठेवली. मला चार शब्द बोलले असते तर बरं झालं असतं, मी उलट बोलले असते. दुसऱ्या दिवशी हे उठून शाळेत गेले आणि बाईंना सांगून आले, की कपाट रिकामं करा.

बाई संध्याकाळी आल्या त्या टेप घेऊनच. मी अंगणातल्या चुलीवर पाणी तापवत होते. पावसाळ्यात लाकडं ओली, धूर नुसता. मी फुंकणी तोंडाला लावून फुंकत बसले होते. बाईंनी माजघरात जाऊन बाजा लांबीला मोजला, नळ्यांसकट उंचीला मोजला. हे खुर्चीत बसून मोजू देत होते. कुणी मयताची लांबी घ्यावी तसं मला वाटलं ते.

मी फुंकणी हातात तशीच घेऊन उठले. "बाई, मापं कशाला घेताय? झेंडा अजून व्हायचाय."

"अहो आजी, आबांना फुंकायचं नाहीये ना? जुनी पिशवी जड जाते म्हणाले ते."

"त्यांना न्हाई फुंकायचं. मला कुणी न्हाई म्हटलंय?"

हे हसले. पार्सल फुटल्यापासून पहिल्यांदा. "अगं, त्यो बाजा हाय. चूल न्हाई."

"पन्नास वर्षं ओली लाकडं पेटवलीत म्या. तुमच्या त्या पिशवीत चामडंच हाय ना? धूर तर न्हाई ना निघत?"

"वारा एकसारखा लागतो. मधी तुटला की सूर पडतो."

"मी भरते. तुम्ही दाबा. बोटं तुमचीच. डॉक्टरनं बोटांना काय बी सांगितलेलं न्हाई."

बाईंनी टेप गुंडाळून पर्समध्ये ठेवली. तेवढं मला पुरलं.

जुन्या बाज्याची पिशवी मी दिवाळीपासूनही उपाशी ठेवली नव्हती, ती मऊच होती. यांनी पार्सलमधली हलकी रीड बोटांच्या नळीत बसवली. अडचण एकच. हे खुर्चीत, बाजा यांच्या काखेत, आणि तोंडाची नळी यांच्या तोंडाशी. मी कुठून फुंकायचं? यांनी माझ्याकडून फुंकणी मागून घेतली. तिचं टोक घासलं, दोऱ्याला मेण चोळून त्याचे वेढे दिले, पायपर लोक सांधे असेच बसवतात, आणि तोंडाच्या नळीत घट्ट बसवली. माझी पितळी फुंकणी, माहेरची, भोंगवलीहून आणलेली! त्या दिवसापासून चुलीला मी पुठ्ठ्यानं वारा घालते.

पहिल्या फुंकेला जो आवाज निघाला तो सांगण्यासारखा नाही. भिंतीपलीकडून जाऊबाई ओरडल्या, "म्हस अडली का गं?"

"न्हाई, मी वाजवतीया!"

"मग डॉक्टरला बोलवू का?"

रोज सकाळी एक तास आणि चारच्या चहानंतर एक तास. मी आधी चुलीसारखी फुंकायची, एकदम फू करून. हे चिडायचे. "सुनेला भातलावणीला हाकल्यासारखी घाई कशाला करतीस? पिशवी मागंल तवा दे." पिशवी मागते म्हणजे काय ते मला चौथ्या दिवशी कळलं. यांचं कोपर आत जायला लागलं की भरायचं, बाहेर आलं की थांबायचं. मग मी डोळे मिटून नुसतं यांच्या कोपराकडं लक्ष द्यायला लागले, आणि सूर धरला गेला. इतक्या वर्षांत मला या माणसाची इतकी बारीक दखल कधी घ्यावी लागली नव्हती. ओठ एवढे बधिर व्हायचे की चहा हनुवटीवरून ओघळायचा. हे टॉवेल द्यायचे. नात फोनवर म्हणाली, "आजी, इथं नवशिक्यांना असंच शिकवतात, एक फुंकतो आणि एक बोटं चालवतो." मी म्हटलं, "मग मी नवशिकीच हाय की. तुझे आबा कोण?"

तिची दुसरी बातमीही होती. आमचा बँड यंदा उतरतोय. ढोलवाले पुरेसे नाहीत, पण उतरतोय.

पंधरा ऑगस्टला बारीक पाऊस होता. शाळेच्या ओट्यावर खुर्ची ठेवली. यांना चालत वाजवता येणार नव्हतं, म्हणून पोरंच देवळापासून चालत आली आणि फाटकात उभी राहिली. मी काष्टा घट्ट मारला, पदर पिनेनं टाचला आणि यांच्या डाव्या अंगाला उभी राहिले. समोर सगळं गाव. पहिल्या रांगेत जाऊबाई, मुद्दाम गाल फुगवून दाखवत होत्या. मी फुंकणी तोंडात धरली आणि त्यांच्याकडं बघायचंच नाही ठरवलं.

हे हळूच म्हणाले, "भरू का म्हणून इचारू नको. भर."

भरली. तीन नळ्या एकदम लागल्या. त्याच क्षणाला गाणं लागलं. आधी काही कोकललं नाही, मागं काही राहिलं नाही. परीक्षक वही घेऊन फिरले असते तरी काही लिहायला मिळालं नसतं. पलटणीतली मंद चालीची गत होती. तिचे चार भाग. तिसऱ्यात माझा दम संपत आला होता, पण कोपर आत जायला लागलं आणि मी दिलं. चौथ्यात फाटकातली पोरं त्या चालीवर पावलं टाकत आत आली. मग झेंडा झाला, राष्ट्रगीत झालं. डॉक्टरांनी सांगितलेली पाच मिनिटं झाली नव्हती, आणि फुंक तर यांची एकही लागली नव्हती.

दुपारी ओट्यावर मोबाईल उभा करून ग्लासगो लावलं. आमचा बँड त्यांच्या पायरीत खालून दुसरा आला. त्यांच्या एकाची नळी सुरुवातीलाच आधी कोकलली. एरवी यांनी मान खाली घातली असती. यंदा माझ्याकडं वळून म्हणाले, "सुरुवात आपली चांगली झाली."

"मग? आपल्याला कुणी ढोलवाले सोडून गेले नव्हते."

संध्याकाळी बाई आल्या. कपाट तर रिकामं करून, पुसून ठेवलं होतं, आणि मुलांना सांगितलंही होतं, त्यांची पंचाईत झाली. यांनी आत जाऊन ती काळी कडक पिशवी आणून त्यांच्या हातात दिली. बाईंनी खाली चिठ्ठी लावली, ‘स्कॉटलंडहून आलेली बॅगपाईपची पिशवी’. ट्रेकवाले काचेला नाक लावून बघतात म्हणे.

बाजा खुंटीवर आहे. फुंकणी त्याच्यातच आहे.

चार दिवसांनी बाईंचा निरोप आला, कपाटाला मुंग्या लागल्यात. मी परत निरोप पाठवला, की चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा.